घोरण्याचा यकृताशी काय संबंध?

नाशिकहून मुंबईला माल नेणाऱ्या चालकाला कसारा घाटात डुलकी लागते, तेव्हा दोष रात्रीच्या जागरणाला दिला जातो. घरी बायको मात्र वेगळेच सांगते. हे रात्रभर घोरतात, मध्येच श्वास थांबतो आणि मग गुदमरल्यासारखे दचकून उठतात. घोरणे म्हणजे गाढ झोप, असा आपल्याकडे समज आहे. पण ही लक्षणे स्लीप ॲप्नियाची असतात. २०२२ मध्ये बप्पी लाहिरी यांचे मुंबईत निधन झाले तेव्हा डॉक्टरांनी याच आजाराचे नाव घेतले होते.

झोपेत घशाचे स्नायू सैल पडून श्वासमार्ग मिटतो आणि रक्तातील ऑक्सिजन घसरतो. तासाला तीस किंवा अधिक वेळा असे घडले, तर आजार तीव्र मानतात. हृदयावरचा परिणाम आता बऱ्याच जणांना माहीत आहे. यकृताकडे मात्र कोणी पाहत नाही. ऑक्सिजन कमी पडला की पेशींत ‘एचआयएफ’ हे प्रथिन सक्रिय होते. (पेशींना ऑक्सिजनची चाहूल कशी लागते, या शोधाला २०१९चे नोबेल मिळाले.) रोज रात्री हेच घडत राहिले, तर यकृतात चरबी आणि सूज वाढते, पुढे ते घट्ट होऊ लागते. कर्करोगाची गाठही नव्या रक्तवाहिन्यांसाठी याच प्रथिनाचा उपयोग करून घेते.

म्हणून घोरणाऱ्या प्रत्येकाला कर्करोग होईल असे मुळीच नाही. लठ्ठपणा आणि मधुमेह ही दोन्हीकडची समान मुळे आहेत. हिपॅटायटिस बी, सी आणि दारू ही यकृताच्या कर्करोगाची मोठी कारणे आजही कायम आहेत. मात्र थेंबभरही दारू न घेणाऱ्याला फॅटी लिव्हरमधून, कधी कधी सिरॉसिस न होताही, हा कर्करोग होतो.

सोनोग्राफीत ‘ग्रेड टू फॅटी लिव्हर’ असे येते आणि रिपोर्ट फायलीत जातो. एसजीपीटी नॉर्मल आहे म्हणून निश्चिंत होणे चूक. वय, एसजीओटी, एसजीपीटी आणि प्लेटलेट यांवरून ‘फिब-४’ हा आकडा निघतो. यकृत घट्ट होत असल्याचा अंदाज त्यातून येतो. सी-पॅप यंत्राने झोप सुधारते, पण यकृतातील चरबी त्याने कमी होते असे चाचण्यांत स्पष्ट दिसलेले नाही. त्यासाठी वजन सात ते दहा टक्क्यांनी उतरवावे लागते.

तपासणीला येताना शेजारी झोपणाऱ्या माणसाला सोबत आणावे. श्वास किती वेळा थांबला, हे रुग्णाला ठाऊक नसते.