दाराला लावायचा रंग

मुंबई बघायला आलेल्या पाहुण्यांचा मार्ग ठरलेला असतो. गेट वे ऑफ इंडिया, बाहेरून ताजमहाल हॉटेल, जमलेच तर लाँचची एक फेरी, आणि परत फिरताना म्युझियम. म्युझियम म्हणजे घुमटाचे, बागेतले, पूर्वी प्रिन्स ऑफ वेल्स म्हणत ते आणि आता छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. या मार्गावर रिगल सिनेमाचा चौक लागतोच. त्या चौकात, म्युझियमच्या समोरच्या बाजूला, विज्ञान संस्थेला लागून एक गोलाकार दर्शनी भागाची दगडी इमारत आहे. तिच्यावरून रोज हजारो माणसे जातात. पाहुण्यांनी विचारले की यजमान सांगतो, "ते होय, ते मॉडर्न आर्टचं आहे," आणि पावले पुढे पडतात. या वाक्यात 'ते आपल्यासाठी नाही' एवढे न बोलता सांगून झालेले असते.

ते आहे राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय. इमारत मात्र 'मॉडर्न' नाही. सर कावसजी जहांगीर पब्लिक हॉल या नावाने ती १९११ साली उभी राहिली. वास्तुविशारद जॉर्ज विटेट, म्हणजे ज्याने गेट वे आणि समोरचे म्युझियम उभारले तोच. त्या काळात हा शहरातला मोठा सभागृह होता. इथे गाण्याबजावण्याचे कार्यक्रम झाले, राजकीय सभा गाजल्या. पुढे शहरात नवी, वातानुकूलित नाट्यगृहे झाली आणि या हॉलला उतरती कळा लागली. मुष्टियुद्धाचे सामने, कामगार संघटनांच्या सभा, लग्नाचे स्वागत समारंभ, चामड्याच्या वस्तूंचे सेल, जो भाडे देईल त्याला हॉल मिळू लागला. मला स्वतःला या यादीची लाज वाटत नाही. सार्वजनिक सभागृहाने सार्वजनिक व्हावे, त्यात लग्न काय आणि सेल काय. पण इमारत खंगत चालली होती, हेही खरे.

दिल्लीला आधुनिक कलेचे राष्ट्रीय संग्रहालय १९५४ पासून होते. ज्या शहरात ही आधुनिक चित्रकला अंगाखांद्यावर वाढली त्या मुंबईत मात्र ती कायमची टांगायला सरकारी भिंत नव्हती. शिल्पकार पिलू पोचखानवाला आणि 'केमोल्ड'चे केकू गांधी यांनी हा हॉल त्यासाठी मिळावा म्हणून खटपट सुरू केली. सरकारी कामाचा वेग आपल्याला ठाऊक आहे. बाहेरचा दगडी डौल तसाच ठेवून आतला सगळा पोकळ भाग नव्याने बांधायचा होता. दिल्लीचे वास्तुविशारद रोमी खोसला यांनी ते काम केले आणि डिसेंबर १९९६ मध्ये संग्रहालयाचे दार उघडले. पोचखानवाला तोवर हयात नव्हत्या. त्या १९८६ मध्येच गेल्या.

आत शिरल्यावर पहिली गंमत जिन्याची. एरवी म्युझियममध्ये एकामागून एक चौकोनी खोल्या असतात आणि तिसऱ्या खोलीपासून पाय दुखू लागतात. इथे अर्धगोल सज्जे एकावर एक चढत जातात, जिना वळत वळत वर नेतो आणि शेवटी आपण थेट घुमटाखाली पोचतो. खाली पाहावे तर मघाशी जवळून पाहिलेले चित्र आता वरून, दुरून दिसते. बऱ्याचदा ते तेव्हाच नीट दिसते.

भिंतीवरची नावे वाचताना आपण दबतो. हुसेन, सूझा, रझा, गायतोंडे. वर्तमानपत्राने ही नावे आपल्याला आकड्यांसह ओळखीची केली आहेत, त्याचा हा परिणाम. डिसेंबर २०१३ मध्ये क्रिस्टीज या लिलावसंस्थेने भारतातला आपला पहिला लिलाव केला तो ताजमध्ये, म्हणजे या संग्रहालयापासून चालत पाच-सात मिनिटांवर. त्यात वासुदेव गायतोंड्यांच्या एका चित्राला २३ कोटी ७० लाख रुपये आले. दुसऱ्या दिवशी लोकलमध्ये चर्चा त्या आकड्याची होती. चित्रात काय होते, हे कोणी विचारले नाही. आकडा एवढा मोठा असला की चित्र त्याच्या मागे दडते.

खरे तर ही माणसे कुठल्या वेगळ्या जगातून आलेली नव्हती. १९४७ साली मुंबईत प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप निघाला, त्यात सहा जण होते. हुसेन सिनेमाची पोस्टरे रंगवून पोट भरत होते. कृष्णाजी आरा यांनी मोटारी धुतल्या होत्या, घरकाम केले होते. सूझा गोव्यातल्या साळगावचे, जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून काढून टाकलेले. गाडे आपल्या अमरावती जिल्ह्यातले, शिवाय रझा आणि शिल्पकार बाक्रे. गायतोंडे थोडे मागाहून या मंडळींत आले. जन्म नागपूरचा, १९२४ चा, आणि वाढले गिरगावातल्या चाळीत. ज्या चाळीत पाण्याच्या वेळेवरून रोज भांडणे होतात तिथे वाढलेल्या माणसाने पुढे वर्षाला मोजकीच, अगदी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी चित्रे काढली, आणि त्या चित्रांत शांततेखेरीज काही ठेवले नाही. २००१ मध्ये ते गेले. २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयाने त्यांचे मोठे प्रदर्शन भरवले, तेव्हा आपल्यापैकी पुष्कळांना गिरगावातला हा माणूस पहिल्यांदा कळला.

या संग्रहालयातली माझी सर्वांत चांगली दुपार मात्र यांपैकी कोणाची नव्हती. ती होती प्रभाकर बरवे यांची आणि आमच्या मामांची.

२०१९ च्या फेब्रुवारीत इथे बरव्यांचे सिंहावलोकनी प्रदर्शन लागले होते. त्याच सुमारास इचलकरंजीहून मामा-मामी आमच्याकडे आले होते, डोळ्यांच्या डॉक्टरांसाठी. मामांचे आयुष्य यंत्रमागावर गेले. आधी कामगार, मग जॉबर. डॉक्टरांकडचे काम लवकर उरकले, परतीच्या गाडीला वेळ होता आणि ऊन मी म्हणत होते. "आत गार असेल," एवढ्याच भांडवलावर मी दोघांना जिना चढवला.

मामी पहिल्या सज्ज्यात बाकावर बसल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही या जाऊन." मामा हात पाठीमागे बांधून, मागांच्या दोन रांगांमधून फिरावे तसे भिंतीकडेने निघाले. बरव्यांच्या चित्रांत वस्तू असतात, पण जत्रेत चुकलेल्या मुलासारख्या, एकेकट्या. एक पान, एक घड्याळ, एखादे फळ. त्यांच्या भोवती मोकळी, सपाट जागा. गोष्ट काही नाही. मला वाटले, मामा आता 'हे काय रे?' विचारणार आणि मला काहीतरी सांगावे लागणार. ते विचारेनात. एका मोठ्या चित्रापाशी थांबले, मान वाकडी करून बाजूने, उजेडाच्या तिरपेने बघू लागले. कापडातला दोष बघायची ती सवय.

"हा ऑइलपेंट दिसतोय की," ते म्हणाले. "दाराला लावायचा."

मी पाटी वाचली. माध्यम: एनॅमल. म्हणजे मामांचे बरोबर होते. दुकानात डब्यात मिळतो तो चकचकीत रंग बरव्यांनी अनेक कॅनव्हासांवर वापरला आहे.

"हा रंग वंगाळ हाय लावायला," मामा पुढे म्हणाले. "वाळायच्या आत ओघळ येतो. पोपडा धरतो. आणि ह्यानं एवढं मोठं सपाट ठेवलंय, एक रेघ नाही ब्रशची. घाई केलेली नाही बाबानं." मग थोडे थांबून, "काय करायचा हा माणूस?"

तेव्हा मी सांगितले की, बरवे १९६१ पासून वीसेक वर्षे विणकर सेवा केंद्रात नोकरीला होते, आधी बनारसला, मग मुंबईत. हातमागाच्या कापडाला नवे नमुने मिळावेत म्हणून सरकारने ही केंद्रे काढली आणि तिथे चित्रकार नेमले. दिवसा साड्यांची बुट्टी आणि किनार, आणि उरल्या वेळात हे. मामा हसले. "मग बरोबर. जागा कुठं सोडायची ते विणणाऱ्याला कळतं. सगळीकडं बुट्टी भरली तर लुगडं अंगावर येतं."

बरव्यांच्या चित्रांतल्या मोकळ्या जागेवर मी बरेच वाचले होते. अवकाश, अस्तित्व, रितेपण, सगळे शब्द मला पाठ होते. पण किनार आणि बुट्टीच्या मापाने ती जागा मोजता येते, हे मला कोणत्या लेखात सापडले नव्हते. घरी आल्यावर मामांनी बरव्यांचे 'कोरा कॅनव्हास' मागून घेतले. तीन दिवसांनी परत देताना म्हणाले, "पुस्तक अवघड आहे रे. चित्रं सोपी होती."

याच प्रदर्शनाच्या उद्घाटनाला एक प्रसंग घडला होता, तो बातम्यांत गाजला. अमोल पालेकर बोलायला उभे राहिले. ते मुळात जे. जे.चे विद्यार्थी, चित्रकार. संग्रहालयात काय दाखवावे हे ठरवण्यात स्थानिक कलावंतांच्या सल्लागार समित्यांचा वाटा असे. त्या समित्या बरखास्त झाल्याचा विषय त्यांनी काढला, तेव्हा व्यासपीठावरून त्यांना मध्येच अडवण्यात आले. बरव्यांवर बोला, असे सांगण्यात आले. दोन दिवस वाद झाला आणि विरला.

मला त्या वादातला एक प्रश्न अजून महत्त्वाचा वाटतो. बरवे नागावचे. मराठीत लिहिणारे, १९९५ मध्ये, हे संग्रहालय उघडण्याच्या वर्षभर आधी गेलेले. त्यांच्यासारख्याची आठवण दिल्लीतल्या टेबलावर आपोआप निघेल का? ज्यांनी त्यांना काम करताना पाहिले ती इथली माणसे निवडीत असली तर निघण्याचा संभव अधिक, हे उघड आहे. पण समितीची बाजू घेऊन भांडणाऱ्याला विचारले जाते की, बघायला येते कोण? या प्रश्नाला उत्तर कलावंत देऊ शकत नाहीत. ते तिकीट काढणाऱ्यांच्या हाती आहे, आणि तिकीट सिनेमातल्या मक्याच्या लाह्यांच्या पुडीहून पुष्कळ स्वस्त आहे.

जाणार असाल तर सोमवार सोडून जा, त्या दिवशी बंद असते. प्रदर्शने बदलत राहतात, त्यामुळे अमुकच चित्र दिसेल असा हट्ट धरू नका. सगळे मजले एका दमात पाहायचे नाहीत. मुलांना एकेक चित्र निवडायला सांगावे आणि त्यासमोर पाच मिनिटे उभे राहू द्यावे. कारण विचारू नये, ते घरी जाताना गाडीत आपणच सांगतात. आणि गायतोंडेच पाहायचे असतील तर रस्ता ओलांडून समोरच्या म्युझियममध्ये जहांगीर निकल्सन यांचा संग्रह आहे. हे कापसाचे व्यापारी. १९६८ मध्ये त्यांनी पहिले चित्र विकत घेतले आणि पुढे आठशेच्या आसपास कलाकृती जमवल्या. त्यांतल्या आलटून पालटून तिथल्या दालनात लावतात. खालच्या मूर्ती आणि वरची लघुचित्रे पाहून थकलेली मंडळी त्या दालनाच्या दारापर्यंत येतात, आत डोकावतात आणि चपला काढायच्या आहेत का, असे विचारतात. चपला काढाव्या लागत नाहीत.