वळिवड्याचं पदक

कोल्हापूरच्या महावीर उद्यानात सकाळी फिरायला येणाऱ्यांच्या फेऱ्या मोजलेल्या असतात. पाच झाल्या की घर, किंवा कट्ट्यावर गप्पा. या बागेत एक स्मृतिस्तंभ आहे. रोजच्या पाहण्यातली वस्तू हळूहळू दिसेनाशी होते, तसं त्याचंही झालं आहे. तो १९९८ साली उभा राहिला आणि तो उभारणारे पोलंडचे होते. लहानपणी ते कोल्हापूरच्या पूर्वेला वळिवड्यात राहिले होते. पन्नास वर्षांनी, नातवंडांचे आजी-आजोबा झाल्यावर, त्यांनी या गावाचे आभार दगडात लिहून ठेवले.

परक्या माणसाचे आभार मानायची प्रत्येक देशाची एक रीत असते. पोलंडकडे त्यासाठी एक स्वतंत्र सन्मान आहे, पोलंड प्रजासत्ताकाचा ‘ऑर्डर ऑफ मेरिट’. १९७४ साली, कम्युनिस्ट राजवटीत तो सुरू झाला. राजवट गेल्यावर त्याचं नाव बदललं, सन्मान मात्र राहिला. परदेशी नागरिक आणि कायमचे परदेशी राहणारे पोलिश लोक यांच्यासाठीच तो आहे. त्याचे पाच वर्ग आहेत. वर ग्रँड क्रॉस, मग ताऱ्यासह कमांडर्स क्रॉस, नुसता कमांडर्स क्रॉस, ऑफिसर्स क्रॉस आणि शेवटी नाइट्स क्रॉस. खालचे दोन छातीवर डाव्या बाजूला लावतात, कमांडर्स क्रॉस फितीने गळ्यात घालतात, ग्रँड क्रॉसबरोबर खांद्यावरून रुंद पट्टा येतो. परराष्ट्रमंत्री नाव सुचवतात, राष्ट्राध्यक्ष सही करतात. मानकरी दूर देशात असला तर बहुतेक वेळा तिथले राजदूत राष्ट्राध्यक्षांच्या वतीने तो क्रॉस लावतात. सोबत एक प्रमाणपत्र असतं. पैसे नसतात, जमीन नसते.

हा कमांडर्स क्रॉस नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांना मरणोत्तर मिळाला. १९४२ साली त्यांनी जामनगरजवळच्या बालाचडीला शेकडो अनाथ पोलिश मुलांना ठेवून घेतलं आणि पुढे त्यांच्याकडे घरच्या माणसासारखं लक्ष दिलं. वॉर्सा शहरात आज ‘भल्या महाराजांचा चौक’ आहे, त्यांच्या नावाची शाळा आहे. एक माणूस, एक उपकार, एक क्रॉस, असा तो सरळ हिशेब होता.

वळिवड्याचा हिशेब इतका सरळ नाही.

सप्टेंबर १९३९ मध्ये पोलंडचा पूर्व भाग सोव्हिएत फौजांच्या ताब्यात गेला. फेब्रुवारी १९४० पासून तिथली कुटुंबंच्या कुटुंबं मालगाड्यांत भरून सैबेरियाकडे आणि मध्य आशियाकडे नेली गेली. १९४१ च्या जुलैमध्ये लंडनमधलं पोलिश सरकार आणि मॉस्को यांच्यात करार झाला, म्हणून त्यातल्या काहींची सुटका झाली. वाटेत कित्येक जण गेले. उरलेले इराणमध्ये पोचले, तिथून कराचीला, आणि १९४३ साली वळिवड्याच्या स्टेशनावर उतरले. सुमारे ५,००० माणसं. बहुतेक बायका आणि मुलं, कारण हाती बंदूक धरू शकणारे पुरुष सैन्यात गेले होते. भारतातली ही सगळ्यात मोठी पोलिश वसाहत.

त्या वेळी कोल्हापूरच्या गादीवर एक लहान मूल होतं. राजाराम महाराज १९४० साली वारले होते आणि कारभार महाराणी ताराबाईसाहेबांच्या रीजन्सीकडे होता. छावणीचा खर्च लंडनमधलं पोलिश सरकार उचलत होतं, मुंबईतली पोलिश वकिलात देखरेख करत होती आणि वर इंग्रजांचा अंमल होता. जागा आणि आसरा कोल्हापूरचा. मग क्रॉस कोणाच्या गळ्यात घालायचा? उपकार खरा होता, पण तो एका माणसाचा नव्हता. आपल्याकडे दुष्काळात, पुरात गाव मदतीला धावतं तेव्हाही नेमकं हेच होतं. सत्काराची वेळ आली की व्यासपीठावर एक खुर्ची असते आणि खाली अख्खं गाव उभं असतं.

आणि वळिवड्यात खरोखरच एक गाव उभं राहिलं. रांगेने बराकी, शाळा, चर्च, दवाखाना, नाटकं, स्काउटची पथकं. मुलांना पंचगंगा जवळ होती. पाच हजार माणसांना रोज दूध, भाजी, जळण लागतं आणि ते आभाळातून पडत नाही. आसपासच्या गावांनी या गोऱ्या, न कळणारी भाषा बोलणाऱ्या शेजाऱ्यांबरोबर पाच वर्षं व्यवहार केला. एका मुलीने कोल्हापूरच्या तरुणाशी लग्न केलं आणि ती इथलीच होऊन राहिली. १९४६ साली बालाचडीची छावणी बंद झाली, तेव्हा तिथली उरलेली मुलंही वळिवड्याला आणली गेली. म्हणजे ज्या मुलांसाठी जामसाहेबांना क्रॉस मिळाला, त्यांच्यातल्या काहींनी भारतातले शेवटचे दिवस करवीरच्या मातीत काढले. ही गोष्ट कोल्हापुरात फार थोड्यांना माहीत आहे, आणि ती शाळेतल्या मुलांपर्यंत पोचायला हवी.

१९४८ मध्ये छावणी संपली. बराकी रिकाम्या झाल्या, तोवर फाळणीने दुसरे निर्वासित आणून सोडले होते. पोलिश कुटुंबांच्या जागी सिंधी कुटुंबं आली. त्याच जागेचं आज गांधीनगर झालं आहे. लग्नसराईत कोल्हापूर, सांगली आणि सीमेपलीकडच्या कर्नाटकातली गिऱ्हाइकं इथल्या घाऊक कापडबाजारात गर्दी करतात. ज्या जमिनीवर पोलिश आयांनी फाटके कपडे शिवले, तिथेच आता साड्यांच्या थप्प्या लागतात.

इथे राहिले ते थडग्यांतले. कोल्हापुरात मेलेल्या पोलिश माणसांची दफनभूमी शहरातच आहे. पोलंडकडून तिची डागडुजी झाली. क्रॉस गळ्यात घालायला काही मिनिटं पुरतात. थडग्यावरचं गवत दर पावसाळ्यानंतर नव्याने काढावं लागतं आणि झिजलेलं अक्षर पुन्हा कोरावं लागतं. सन्मान जिवंत ठेवण्याचं काम खरं तर हेच, आणि ते कधी पुरं होत नाही. कोल्हापूरला परक्या मातीतल्या आपल्या माणसाचं दुःख ठाऊक आहे. ३० नोव्हेंबर १८७० ला याच नावाचे आधीचे छत्रपती राजाराम महाराज युरोपचा प्रवास करून परतताना फ्लॉरेन्समध्ये वारले, अवघ्या विशीत. आर्नो नदीच्या संगमावर त्यांच्यावर हिंदू पद्धतीने अंत्यसंस्कार झाले. फ्लॉरेन्सने तिथलं स्मारक जपलं, आणि जवळच्या पुलाला ‘इंडियानो’चं नाव दिलं. इटलीतल्या कुणीतरी दीडशे वर्षं त्या छत्रीखालची पानं झाडली आहेत.

पोलंडने पुढे कोल्हापूरलाही शोधून काढलं. कोल्हापूरच्या राजघराण्यातल्या संभाजीराजे छत्रपती यांना पोलंडने ‘बेने मेरिटो’ हा सन्मान दिला. तो ऑर्डरपेक्षा वेगळा. २००९ पासून पोलंडचे परराष्ट्रमंत्री तो स्वतःच्या अधिकारात देतात. पण माझ्यासारख्या कोल्हापूरकरांना जास्त भिडते ती दुसरी गोष्ट. २०१७ च्या नोव्हेंबरात वॉर्सामध्ये एक स्मारक उघडलं आणि त्यावर गावाचं नाव लागलं. ते ‘कोल्हापूर स्मारक’ म्हणूनच ओळखलं जातं. ऑगस्ट २०२४ मध्ये भारताचे पंतप्रधान तिथे फुलं वाहायला गेले, तेव्हा कोल्हापूरच्या घराघरात ती बातमी पुन्हा पुन्हा पाहिली गेली. गावाच्या गळ्यात क्रॉस घालता येत नाही, म्हणून त्यांनी गावाचं नाव दगडावर घातलं.

सप्टेंबर २०१९ मध्ये छावणीतली काही मुलं वळिवड्याला परत आली. मुलं म्हणजे ऐंशी ओलांडलेली माणसं. त्यांच्यासोबत पोलंडचे उपपरराष्ट्रमंत्री होते. कोल्हापूरकर पाहुण्याचा मान फेटा बांधून करतात. बांधणारा समोर उभा राहतो, कापडाची घडी दाताखाली धरून एक टोक मोकळं सोडतो, पीळ देत वेढे घेत जातो आणि शेवटी तुरा उभा करून शेमला पाठीवर सोडतो. पाहुण्याला त्या वेळात मान हलवता येत नाही. दोन-चार मिनिटं दोघांना एकमेकांसमोर अगदी जवळ, गप्प उभं राहावं लागतं. भाषा येत नसली तरी चालतं.