मोबाइलवर शिकलेली समुपदेशक

खालापूर तालुक्यातल्या साजगावातून १४४१६ला फोन लावला की टेलिमानसचा समुपदेशक मराठीत बोलतो. ऑक्टोबर २०२२पासून ही सरकारी मानसिक आरोग्य सेवा मोफत मिळते. पण जिला फोन उचलण्याचीही उमेद उरली नाही, तिचं काय? कार्तिकीला बोंबल्या विठोबाची जत्रा भरते, आळीतल्या बायका सुकी मासळी भरायला निघतात आणि दरवर्षी पुढे असणारी एखादी यंदा दार लावून बसते. हे लक्षात येतं शेजारणीच्या, नाहीतर गावातलं आरोग्याचं काम पाहणाऱ्या आशाताईच्या. मग या आशाताईलाच समुपदेशन शिकवता येईल का, तेही मोबाइलवर?

डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी १९९६मध्ये गोव्यात काढलेल्या ‘संगाथ’ संस्थेने या प्रश्नाच्या उत्तराचा पाया घातला. मानसोपचाराचं पूर्वशिक्षण नसलेल्या स्थानिक माणसांना तिने तयार केलं आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांत बसवलं. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २०१७ साली या कामावर आलेल्या अभ्यासात तीव्र नैराश्याचे ४९५ रुग्ण होते. समुपदेशन मिळालेल्यांपैकी ६४ टक्के तीन महिन्यांत सावरले होते. नुसत्या, थोड्या सुधारलेल्या नेहमीच्या उपचारांवर असलेल्यांपैकी ३९ टक्के.

या समुपदेशनाच्या भेटी सहा ते आठच. प्रत्येक भेटीत नऊ प्रश्न विचारून नैराश्य मोजायचं. मग ‘सगळं ठीक होईल’ असं न म्हणता विचारायचं: पूर्वी दिवसभरात काय काय करायचीस? काय सुटलं? त्यातलं एखादंच, झेपेल असं काम ठरवायचं: संध्याकाळी बहिणीकडे जाऊन येणं. पुढच्या भेटीत ते झालं का, नसेल तर कुठे अडलं, हे शांतपणे पाहायचं. ऐकायला सोपं वाटतं. पण सल्ला देण्याची सवय मोडणं फार कठीण.

म्हणून या प्रशिक्षणाचा प्राण मला वेगळ्याच गोष्टीत दिसतो. गोव्यातले समुपदेशक आपल्या भेटींचं रेकॉर्डिंग एकत्र बसून ऐकत, एकमेकांना गुण देत. कुठे घाई झाली, कुठे मध्येच तोडलं, सगळं बोलत.

पुढे ‘संगाथ’ने हाच अभ्यासक्रम मध्य प्रदेशातल्या सिहोर जिल्ह्यात आशांसाठी हिंदीतून मोबाइलवर आणला. व्याख्यानांबरोबर समुपदेशनाचे प्रसंग अभिनयातून दाखवले. वर्गातलं शिक्षण, नुसता मोबाइल आणि मोबाइलसोबत मार्गदर्शकाचा आधार, अशा तिन्ही वाटा तपासल्या. तिसरी वाट मला सर्वांत मोलाची वाटते. केवळ व्हिडिओ आणि पर्यायी उत्तरांची परीक्षा देऊन समुपदेशक म्हणवणारं प्रमाणपत्र मला धोक्याचं वाटतं; समोरची बाई रडू लागली की गप्प कसं बसायचं, ते परीक्षेत कळत नाही.

खालापूर तालुक्यात हे आणायचं तर मोबाइल आहेच. पण आशाताईंना चार-पाच जणींनी जमून एकमेकींचं ऐकायला वेळ हवा, अडल्यावर फोन घेणारा जाणकार हवा. आणि मोबदल्याचा काही भाग कामागणिक मिळणाऱ्या या बायकांना त्या वेळेचेही पैसे मिळायला हवेत.