डोक्याला मार लागल्यावर पैशांची राखण

मुंब्रा-दिवा पट्ट्यात लोकलमधून पडलेला किंवा कल्याण-शीळ रस्त्यावर दुचाकीवरून घसरलेला माणूस घरी येतो, बोलतो-चालतो आणि घरच्यांना वाटतं, झाला बरा. पण कपाळामागच्या मेंदूला इजा झाली असेल तर होकार घाईने दिला जातो, शंका उशिरा येते. सकाळी आलेला फोन दुपारी आठवत नाही. 'आत्ताच करा, कोणाला सांगू नका' म्हणणाऱ्या ठगांना हेच तर हवं असतं.

नुसतं 'सावध राहा' बजावून काय होणार? इजा सावधपणालाच झालेली असते. त्यापेक्षा २०२४ साली आलेलं यूपीआय सर्कल बरं: भाजीचे पैसे इजा झालेला माणूस स्वतःच्या मोबाइलवरून देतो, ते जातात घरच्या विश्वासू माणसाच्या खात्यातून, आणि हवं तर प्रत्येक व्यवहाराला त्या विश्वासू माणसाची मंजुरी लागेल असं ठरवता येतं. मोठी शिल्लक दोघांच्या सहीशिवाय न हलणाऱ्या संयुक्त खात्यात ठेवावी.

तरीही फसवणूक झाली, तर त्याच्यावर रागावू नका. नाहीतर पुढच्या वेळी तो लपवेल. आधी १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा. पैसे पुढच्या खात्यांत पांगण्याआधी गोठवता येतात. मग बँक आणि पोलिस ठाणं.