सुटी, सूर्य आणि उसाचे चिपाड

मॉरिशसच्या भूमीवर वर्षातून दोन दिवस असे येतात की, भर मध्यान्ही अंगणात रोवलेल्या काठीला सावली म्हणून उरत नाही. पहिला दिवस नोव्हेंबरच्या 21-22 तारखेचा आणि दुसरा जानेवारीच्या 20-21 तारखेचा. या दोहोंच्या दरम्यान मध्यान्हीचा सूर्य किंचित दक्षिणेकडे असतो व काठीची आखूड सावली उत्तरेस पडते. वर्षाच्या उरलेल्या दहा महिन्यांत ती दक्षिणेस पडते. हे पाहण्यास काठीवाचून दुसरे साधन लागत नाही. तरीसुद्धा अक्षवृत्ते, ऋतू व सूर्याची उंची यांविषयीची उत्तरे परीक्षेत बिनचूक लिहिणाऱ्या मुलांपैकी किती जणांनी ही सावली नाहीशी होताना पाहिली असेल?

मौज अशी की, शाळांची मोठी सुटी नेमकी याच काळात येते. महाराष्ट्रात उन्हाळ्याची सुटी म्हटली की चैत्र-वैशाख आणि आंबे डोळ्यांपुढे उभे राहतात. या बेटावरील उन्हाळा मार्गशीर्ष-पौषातला. त्याची खूण लिचीचे घोस आणि तांबडाभडक फुललेला गुलमोहर. सुटी मोठी, ऊन भरपूर, आणि शेतांत तोडणीचा हंगाम, ज्याला येथे सारे लाकूप म्हणतात, तो नुकताच संपत आलेला. ऊर्जा म्हणजे काय हे मुलांनी आपल्या हातांनी शिकावे, यासाठी याहून चांगला मुहूर्त पंचांगात सापडणार नाही. परंतु ही सुटी पुढील इयत्तेच्या शिकवण्यांत आणि उरलेला वेळ मोबाइलच्या पडद्यापुढे जातो. शाळेत ‘ऊर्जा निर्माण करता येत नाही व नष्टही करता येत नाही’ हे वाक्य मुलांना मुखोद्गत असते. मात्र ज्या दिव्याखाली बसून ते पाठ केले, त्या दिव्यात ती ऊर्जा कोठून आली हे विचारले तर बहुतेकांचे उत्तर भिंतीवरील बटणापाशी थांबते.

आपल्या मंडळांच्या सभागृहांत सणासुदीला पाय ठेवावयास जागा नसते आणि एरवी त्यांना कुलूप असते. तेथे दोन-तीन आठवड्यांचा ऊर्जेचा वर्ग सहज भरविता येईल. तो मराठीत भरवावा. हा आग्रह केवळ भाषाभिमानाचा आहे असे कोणी समजू नये. मराठीत बल, ऊर्जा आणि शक्ती असे तीन वेगळे शब्द शास्त्राने ठरवून दिले आहेत. ढकलणे किंवा ओढणे हे बल. काम करण्याची क्षमता ती ऊर्जा. आणि ती ऊर्जा किती वेगाने खर्च होते, ती शक्ती. घरातली आजी ‘अंगात शक्ती राहिली नाही’ म्हणते तेव्हा ती या तिन्हींची गल्लत करते, हे खरे. पण त्या गल्लतीवरूनच पहिला पाठ सुरू करता येतो. जी भाषा फक्त आरतीपुरती उरते, ती पुढच्या पिढीला आरतीपुरतीच येते. तिला तराजू आणि तापमापक यांच्याजवळ बसविले पाहिजे.

पहिला प्रयोग जिन्याचा. चाळीस किलो वजनाचा मुलगा तीन मीटर उंचीचा जिना चढला, म्हणजे त्याने आपला देह उचलण्यासाठी सुमारे 1,200 ज्यूल ऊर्जा खर्च केली. चार सेकंदांत चढला असेल, तर त्याची शक्ती 300 वॉट झाली. मुले हा आकडा ऐकून फुशारतात, कारण घरातला दिवा जेमतेम दहा वॉटचा असतो. मग त्यांना दुसरे गणित घालावे : 25 अंशांचे एक लिटर पाणी उकळीस आणण्यास सुमारे 3,14,000 ज्यूल लागतात, तर तो जिना किती वेळा चढावा लागेल? उत्तर येते, सुमारे 267 वेळा. चहाचे आधण ठेवताना आई किती ऊर्जा वापरते हे त्या दिवसापासून मुलांना वेगळे सांगावे लागणार नाही. ज्याच्या नावाने हे माप ओळखले जाते तो जेम्स ज्यूल (1818-1889) मँचेस्टरजवळील एका मद्य-कारखानदाराचा मुलगा होता. त्याने कोणत्याही विद्यापीठात अध्यापकाची जागा भूषविली नाही. खाली उतरणाऱ्या वजनांनी भांड्यातील पाणी घुसळून ते किती तापते, हे त्याने वर्षानुवर्षे चिकाटीने मोजले.

जिन्यावरून पणजोबांकडे यावे. धडधाकट माणूस दिवसभर सतत श्रम करू लागला, तर त्याच्या हाताने होणाऱ्या कामाची शक्ती सरासरी 75 वॉटच्या आसपास धरतात. आठ तासांचे काम म्हणजे 600 वॉट-तास, अर्थात विजेच्या बिलावरील अर्ध्या युनिटाहून थोडे अधिक. जुना साठ वॉटचा दिवा दहा तास जळावा, किंवा सात लिटर पाण्याला उकळी यावी, एवढीच ही ऊर्जा. महिन्याचे 26 दिवस धरले तर सारी मिळून सुमारे 16 युनिटे. करारबद्ध मजुराला त्याबद्दल महिना पाच रुपये मिळत. आणि एक दिवस गैरहजर राहिल्यास दोन दिवसांचे वेतन कापले जाई. शिधा साधारणतः रोज दोन पौंड तांदूळ आणि अर्धा पौंड डाळ, निदान कागदावर तरी. त्या अन्नातली ऊर्जा मोजली तर ती चार युनिटांहून अधिक भरते. म्हणजे खाल्लेल्या अन्नाचा सातवा-आठवा भागच उसाच्या ओळींवर काम म्हणून उतरत असे. उरलेला देह जगविण्यात आणि घाम व उष्णता यांत जाई.

येथे शिक्षकाने थोडे थांबावे. हे आकडे ऐकून एखादे मूल विचारील, मग एवढ्याशा ऊर्जेसाठी जहाजे भरभरून माणसे कशाला आणली? प्रश्न रास्त आहे. मळेवाल्याला हवे होते ते नुसते वॉट नव्हते. ते त्याला बैलांकडून, वाऱ्याकडून, पाण्याकडून आणि पुढे वाफेकडून मिळतच होते, आणि त्यांवर त्याच्या गिरण्या चालत. परंतु बुंध्याशी नेमका कोयता मारणारा हात, खडकाळ जमिनीतून दगड वेचून त्यांचे ढीग रचणारी पाठ, पेर पाहून बेणे निवडणारा डोळा यांची जागा कोणतेही चाक घेऊ शकत नव्हते. ऊर्जा मोजता येते, कौशल्य त्या मापात मावत नाही; हा फरक मुलांच्या ध्यानात आला, तर शेतातल्या त्या दगडी ढिगांकडे ती पुन्हा तशाच नजरेने पाहणार नाहीत.

यानंतर चिपाड घ्यावे. रसवाल्याकडून चरकातून निघालेले ताजे चिपाड, ज्याला येथे बगास म्हणतात, एक किलो मागून आणावे. ते तोलावे, तीन-चार दिवस कडक उन्हात पसरावे आणि पुन्हा तोलावे. कारखान्यातून पिळून निघालेल्या बगासेत साधारण निम्मे वजन पाण्याचे असते. रसवाल्याच्या चरकाची पिळणूक तेवढी जबर नसल्याने येथे घट अधिकच येईल. मग वाळलेल्या चिपाडाचा एक ग्रॅम मोजून, वडीलधाऱ्यांच्या देखरेखीखाली, शंभर ग्रॅम पाणी असलेल्या पत्र्याच्या डब्याखाली जाळावा. त्या ग्रॅममधील सारी उष्णता पाण्यात उतरली, तर तापमान सुमारे 40 अंशांनी वाढावे. प्रत्यक्षात पारा त्याच्या निम्म्यापर्यंतही क्वचितच चढतो. उरलेली उष्णता कोठे गेली? डबा तापला, हवा तापली, धूर झाला, बोटे पोळली. ती नष्ट झाली नाही, हाताबाहेर गेली. पाठ केलेल्या त्या वाक्याचा अर्थ येथे प्रथम उमगतो. मग मुलांनी डब्याभोवती पत्र्याचा आडोसा करावा, डब्याला झाकण घालावे, बगास अधिक कोरडी घ्यावी आणि पारा किती अधिक चढतो ते वहीत लिहावे.

या बेटाच्या साखर-कारखानदारीचा दीड शतकाचा इतिहास म्हणजे थोडाफार हाच प्रयोग होय. कोल्हापूरकडील गुऱ्हाळात चुलवाणात चिपाडे सारून रस आटवीत, तीच रीत येथील बॉयलरांत होती. पूर्वीच्या कारखान्यांत बगास काटकसरीने जाळण्याची कोणाला निकड नसे. तिचे ढीग साचू नयेत म्हणून ती मुद्दाम उधळेपणाने जाळीत. 1957 साली सेंट आंत्वान येथील कारखान्याने शिल्लक राहिलेली वीज सार्वजनिक वाहिनीस प्रथम पुरविली. 1985 साली फ्लाक विभागातील फ्युएल कारखान्यात हंगामात बगास व एरवी कोळसा जाळून वर्षभर वीज देण्याची व्यवस्था झाली. 2000 साली बेल व्ह्यू येथे 70 मेगावॉटचे केंद्र उभे राहिले. त्याच्या बॉयलरातील वाफेचा दाब 82 बार, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या ऐंशी पटींहून अधिक. एक टन उसातून सुमारे 300 किलो बगास निघते, आणि अशा केंद्रात तिच्यापासून शंभराहून अधिक युनिटे वीज होऊ शकते. त्या हिशेबाने पणजोबांच्या दिवसभराच्या श्रमांइतकी ऊर्जा आज दोन किलोहूनही कमी ओल्या बगासेतून तारेवर चढते. घरच्या तराजूवर तेवढे चिपाड ठेवून ते मुलांच्या हाती द्यावे. आकडा फळ्यावर पुसला जातो, वजन हाताला आठवते.

अर्थात चित्राची दुसरी बाजू लपवू नये. बगास हंगामापुरतीच, ती सरली की परदेशातून जहाजाने आलेला कोळसा त्याच भट्टीत घालण्याची ही रचना होती. शिवाय उसाखालची जमीन वर्षानुवर्षे घटत आली आहे, आणि 1858 साली ज्या बेटावर 259 साखर-गिरण्या होत्या, तेथे आज अवघ्या तीन उरल्या आहेत. या मुलांना मोठेपणी आपल्या दिव्यासाठी दुसरी सोय पाहावी लागेल.

ती सोय डोक्यावरच तळपत असते. दुपारच्या निरभ्र उन्हात एका चौरस मीटरवर सुमारे एक किलोवॉट शक्ती पडते. एका मजुराच्या तेरा पटींहून अधिक! दोन सारखे डबे घ्यावेत, एक काळा व एक पांढरा रंगवावा, पाणी भरून उन्हात ठेवावेत आणि दर दहा मिनिटांनी तापमान लिहावे. पुढे खोक्यात खोके बसवून, मध्ये जुनी वर्तमानपत्रे कोंबून, आत काळा रंग, वर काच आणि झाकणाला चकचकीत कागद, अशी सूर्यचूल करावी. एक कास्कावेलला आणि एक व्हाकवाला ठेवली, तर पश्चिम किनाऱ्याजवळचे ऊन आणि पठारावरचे ढग यांतला फरक भातच सांगेल. ज्या मुंबई बंदरातून मराठी कुटुंबे जहाजात चढली, त्याच मुंबईत विल्यम ॲडम्स या इंग्रज अधिकाऱ्याने आरशांनी ऊन एकवटून सात शिपायांचा शिधा जानेवारी महिन्यात दोन तासांत शिजविला, आणि कुलाब्याला आरशांच्या उष्णतेवर पाणी उपसणारे वाफेचे यंत्र चालवून दाखविले. त्याविषयीचे त्याचे पुस्तक 1878 साली मुंबईसच छापले गेले. पुढे कोळसा स्वस्त झाला आणि आरसे विस्मृतीत गेले.

वाऱ्यासाठी कागदी पेल्यांचे चक्र पुरेल. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याची शक्ती आठपट होते, एवढे कळले म्हणजे वादळाचे भय आणि पवनचक्कीचा लाभ ही एकाच गणिताची दोन उत्तरे आहेत हे समजते. रॉड्रिग्सवर तर चक्रीवादळ येण्यापूर्वी खांबासकट आडव्या पाडून ठेवता येतील अशा पवनचक्क्या बसविल्या गेल्या.

एक बॅटरी, एक चुंबक, दोन सेफ्टी पिना आणि थोडी तांब्याची तार एवढ्यावर फिरणारी विजेची मोटर अरविंद गुप्ता यांनी भारतातील हजारो मुलांकडून करवून घेतली. गुप्ता हे 1972 साली मध्य प्रदेशात सुरू झालेल्या होशंगाबादच्या विज्ञान-शिक्षण प्रयोगात वाढलेले. पुढे पुण्यास आयुका संस्थेतील मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी टाकाऊ वस्तूंपासून विज्ञानाची खेळणी करण्याचे काम अनेक वर्षे केले. साधने नाहीत ही सबब त्यांनी कोणालाच उरू दिली नाही. बेल व्हिलेज येथे भारताच्या साहाय्याने 2004 साली उघडलेले राजीव गांधी विज्ञान केंद्र आहेच. तेथेही मुलांना एक दिवस न्यावे. मात्र तेथे जाण्यापूर्वी त्यांनी हाताने एकदा तरी मोटर फिरविलेली असावी; म्हणजे तेथील यंत्रांना ती स्वतःचे प्रश्न विचारतील.

अशा वर्गात गुण नकोत, क्रमांक नकोत आणि शक्यतो भाषणेही नकोत. दहा-बारा मुलांमागे एक जाणता माणूस, एक तराजू, दोन तापमापक, पाण्याची भरलेली बादली (आगीचा खेळ असल्याने ती सदैव जवळ हवी), आणि प्रत्येकाची स्वतंत्र वही. चुकलेला आकडा खोडू नये. त्याच्या शेजारी चूक कशी झाली ते लिहावे. कारखान्यातून निवृत्त झालेला एखादा बॉयलरवाला किंवा ऊसतोडीत आयुष्य घालविलेली एखादी आजी गावात असतेच. त्यांना व्यासपीठावर नव्हे, मुलांच्या शेजारी सतरंजीवर बसवावे. ओली बगास भट्टीत टाकली की ज्वाला कशी काळवंडते, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेले असते.

जानेवारीच्या 20 तारखेच्या सुमारास सूर्य पुन्हा माथ्यावर येतो. तोवर शाळा उघडलेल्या असतात. त्या दिवशी मध्यान्ह घड्याळाच्या बाराला होत नाही. बारा वाजून वीस-एकवीस मिनिटांनी होते. मैदानात काठी रोवण्यास तेवढा वेळ पुरतो.