गजावरची खूण

भात पोटरीत आलं की आपल्या सिंधुदुर्गात शेतकऱ्याची झोप उडते. दिवसा वानर, रात्री डुकरं, आणि घाटाच्या पायथ्याच्या गावांत गवे. मग माळ्यावर शेकोटी, पत्र्याचे डबे, फटाके, आणि ज्याच्या घरी असेल त्याच्या घरची ठासणीची बंदूक बाहेर निघते. शेतकरी बंधूंनो, मी कृषी खात्याचा माणूस. युरियाची मात्रा, करप्यावरची फवारणी हे माझे विषय. बंदुकीवर कधी लिहीन असं वाटलं नव्हतं. पण गेल्या हंगामात एका मांगराच्या अंगणात जे पाहिलं, ते तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवत नाही.

सत्तरी ओलांडलेले एक शेतकरी, आम्ही सगळे त्यांना आबा म्हणतो, हंगामाआधी आपली बंदूक तपासत होते. पीक संरक्षणाचा परवाना वडिलांपासून चालत आलेला. दोन बांबूंमध्ये खताचं रिकामं पोतं ताणून बांधलेलं, त्यावर कोळशानं सव्वा हात रुंदीचं वर्तुळ. मागं मातीचा उंच बांध, म्हणजे सुटलेला छर्रा पुढं जायला नको. मी नाचणीच्या प्रात्यक्षिकाचे कागद घेऊन गेलो होतो. तिथंच बसलो आणि प्रश्न विचारायला लागलो. दारू किती, छर्रे किती, काथ्याच का, कागद का नाही? आबा उत्तरं देत होते आणि हात चालवत होते. मध्येच पान आणायला आत गेले. बाहेर येऊन पुन्हा दारूचं माप ओतलं, बोळा घातला, छर्रे, वर बोळा. मग नेहमीच्या सवयीनं गज नळीत सोडला आणि थांबले.

मी पुढचा प्रश्न विचारलाच. तेव्हा आबा म्हणाले, "सायबानू, जरा गप रवा. माका गजाकडे बघूक व्हया."

गजावर कानशीनं पाडलेल्या दोन खाचा होत्या. एक रिकाम्या नळीची, दुसरी भरलेल्या बाराची. भरल्याची खाच नळीच्या तोंडाशी यायला हवी होती. ती वर चार बोटं उभी होती. म्हणजे आत एकावर एक दोन बार बसले होते. पान आणायला जाण्याआधी बंदूक भरून झाली होती आणि माझ्या बडबडीत ते आबांच्या लक्षातून गेलं. केप अजून निपलावर चढवली नव्हती, एवढंच नशीब. त्या जुन्या नळीनं दोन बार पेलले असते की नाही, याची परीक्षा घ्यायला मी तरी तयार नाही. पेलले नसते तर आबांचा डावा हात गेला असता, आणि तीन हातांवर बसलेला मीही वाचलो नसतो.

आबांनी चाप ओढून बघू वगैरे काही केलं नाही. नळीत पाणी ओतलं आणि तसंच मुरू दिलं. दारू भिजल्याची खात्री झाल्यावर गजाच्या टोकाला पेच लावून बोळे एकेक करून ओढून काढले, छर्रे वाडग्यात घेतले, काळं पाणी खड्ड्यात ओतलं. तासभर गेला. त्या तासात मी एकही प्रश्न विचारला नाही.

आता तुम्ही म्हणाल, आम्ही लहानपणापासून बार भरतो, आम्हाला काय शिकवता? खरं आहे, भरायला शिकवायची गरज नाही. पण किती गजांवर दोन खाचा आहेत? मी त्यानंतर चार-पाच घरी मुद्दाम विचारलं. एका घरी होत्या. बाकी ठिकाणी "अंदाजान समाजता" हे उत्तर. अंदाज माणसाचा असतो, आणि रात्री दोन वाजता माळ्यावर पेंगणाऱ्या माणसाचा अंदाज काय असणार? शिवाय पहाटे बंदूक न उडवता घरी आणून खुंटीला टांगली, दुसऱ्या दिवशी मुलगा माळ्यावर गेला, त्याला वाटलं रिकामी. दोन बार बसायला एवढं पुरतं. खुंटीवरून बंदूक काढली की पहिल्यांदा गज आत, मग बाकीचं सगळं.

भरताना दुसरी भानगड फटीची. दारू आणि गोळी किंवा छर्ऱ्यांवरचा बोळा यांच्यामध्ये रिकामी जागा राहता कामा नये. गोळी दारूवर टेकलेली असली की दाब सरळ तिला ढकलतो. मध्ये हवा राहिली तर गोळी आडव्या बुचासारखी काम करते आणि त्याच जागी नळीला फुगा येतो, कधी नळी फाटते. माळ्यावर चढताना, झाडीतून चालताना बंदुकीचं तोंड खाली लोंबकळत राहिलं की सैल गोळी हळूहळू पुढं सरकते. वरून काही दिसत नाही. पण गज टाकला की खाच वर आलेली दिसते. म्हणजे तीच खाच दोन्ही कामांना.

दारू नेहमी मापानं घ्यावी, ते माप पितळेचं किंवा शिंगाचं असावं, आणि डब्यातून थेट नळीत कधीही ओतू नये. आधीच्या बाराची ठिणगी आत धुमसत राहिलेली असते. ती मापातल्या चिमूटभर दारूला लागली तर भुवया जातील, डब्याला लागली तर माणूस जाईल. दोन बारांच्या मध्ये ओलसर चिंधी गजाला गुंडाळून नळी पुसली की ही भीती राहत नाही. आणि काडतुसातली बिनधुराची दारू ठासणीच्या बंदुकीत घालायचा विचारसुद्धा करू नका. दिसायला थोडी, पण तिचा दाब काळ्या दारूच्या कैक पट वर जातो. या नळ्या त्यासाठी केलेल्याच नाहीत. घरी दारू कुटणं हा तर सरळ गुन्हा आहे. परवान्यावर मिळते तेवढी परवानाधारक दुकानातून घ्यावी.

माप किती? हा प्रश्न मला सगळे विचारतात आणि त्याला मी सरसकट आकडा देत नाही. कारखान्यात तयार झालेल्या बंदुकीसोबत बनवणाऱ्यानं मर्यादा लिहून दिलेली असते. गावठी जुन्या नळीवर असं काही लिहिलेलं नसतं. म्हणून ती आधी परवानाधारक बंदूक कारागिराकडून तपासून घ्यायची आणि त्याच्या सांगण्याच्या वर जायचं नाही. छर्ऱ्यांच्या बंदुकीसाठी जुन्या लोकांचा एक ठोकताळा आहे, जगभर तोच आहे: ज्या मापानं दारू, त्याच मापानं छर्रे. दारू वाढवली की छर्रे लांब जातात हा समज मात्र काढून टाका. दारू जास्त झाली की छर्ऱ्यांचा घोस मधोमध फाटतो, पोत्यावर कडेला भोकं आणि मध्ये कोरं. आबांच्या पोत्यावर मी ते डोळ्यांनी पाहिलं. एक चिमूट कमी केल्यावर भोकं वर्तुळात आली. खताचंही असंच असतं, पण ते पुन्हा कधीतरी.

पोत्यावरची ही तपासणी शेतातल्या प्रात्यक्षिकासारखीच करायची. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. आज दारू बदलली तर छर्रे आणि बोळा तोच ठेवा. सगळं एकदम बदललं तर कशानं काय झालं हे ब्रह्मदेवालाही कळणार नाही. बंदूक वाळूच्या पिशवीवर टेकवा, म्हणजे हाताचा थरथराट मध्ये येत नाही. पंचवीस पावलांवरून तीन बार, प्रत्येकाला नवं पोतं किंवा जुना कागद. एका गोळीनं नेम धरत असाल तर एक गोष्ट लक्षात ठेवा: तिन्ही गोळ्या एकमेकींजवळ पण वर्तुळाच्या बाजूला बसल्या, तर बार ठीक आहे, चूक माशीची किंवा तुमच्या डोळ्याची. तिन्ही तीन दिशांना गेल्या, तर मापात किंवा बोळ्यात फरक पडतोय. पहिल्या चुकीला माशी सरळ करावी लागते, दुसरीला हात शिस्तीत आणावा लागतो. लोक नेमकं उलटं करतात.

हे सगळं काही आपल्याच कोकणातलं खूळ नाही. अमेरिकेत इंडियाना राज्यात फ्रेंडशिप नावाचं खेडं आहे. तिथं १९३३ साली स्थापन झालेल्या ठासणीच्या बंदुकांच्या राष्ट्रीय संघटनेचं मैदान आहे आणि वर्षातून दोन मोठे मेळे भरतात. त्यांच्या बंदुका बहुतेक पेचाच्या, म्हणजे नळीच्या आत गिरकी घेत जाणारे चर कापलेल्या. शिशाची गोल गोळी नळीपेक्षा किंचित लहान घेतात आणि तिच्याभोवती वंगण लावलेली कापडी चकती गुंडाळतात. अर्ध्या इंचाच्या, म्हणजे १२.७ मिलिमीटरच्या नळीला साधारण १२.४५ मिलिमीटरची गोळी आणि ०.४ मिलिमीटरच्या आसपास जाडीचं घट्ट सुती कापड. चर कापडाला पकडतात, कापड गोळीला फिरवतं, आणि फिरणारी गोळी सरळ जाते. गोळी झाडल्यावर कापड पुढं काही पावलांवर पडतं. तिथले जाणकार ते वाकून उचलतात आणि वाचतात. जळून भोक पडलं असेल तर कापड पातळ आहे किंवा वंगण कमी आहे. आपल्या साध्या नळीला चर नसतात, म्हणून तेवढा नेम तिच्याकडून मागू नये.

जागतिक स्पर्धाही होतात. तेरा गोळ्या, अर्धा तास वेळ, आणि त्यातल्या उत्तम दहा धरायच्या. तोड्याच्या बंदुकीच्या स्पर्धेला तानेगाशिमा नाव आहे. १५४३ साली पोर्तुगीजांबरोबर बंदूक ज्या जपानी बेटावर पोहोचली त्या बेटावरून. आणि वंगणाचं म्हणाल तर ते आपल्या इतिहासातही आहे. १८५७ साली ज्या काडतुसांवरून भडका उडाला ती याच ठासणीच्या एन्फिल्ड रायफलीची होती. दारू आणि गोळी कागदात गुंडाळलेली, वरून चरबीचं वंगण, आणि दातानं तोडून नळीत ओतायची.

शेजारच्या कोडगूमध्ये भाताची लावणी आटोपली की सप्टेंबरच्या सुरुवातीला कैलपोढचा सण असतो. घरातल्या शस्त्रांची पूजा होते आणि उंच झाडाला बांधलेल्या नारळावर नेमबाजीची स्पर्धा लागते. कोडवांना परवान्यातून सूट आहे. केंद्रानं ती २०१९ साली २०२९ पर्यंत वाढवली. आपल्याला ती सूट नाही, म्हणून थोडं कायद्याचं बोलतो. १९५९ च्या शस्त्र कायद्यात खऱ्याखुऱ्या पीक संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीच्या परवान्याची तरतूद आहे. २०१९ च्या दुरुस्तीनं परवान्याची मुदत तीनाची पाच वर्षं झाली, आणि लग्नात, मिरवणुकीत बार उडवून लोकांचा जीव धोक्यात घालणं हा गुन्हा ठरला. पण परवाना बंदुकीचा आहे, शिकारीचा नाही. रानडुक्कर मारायचं तर वन्यजीव कायद्याखाली वन खात्याची लेखी परवानगी आधी हातात हवी. नुसती "डुकरं फार झाली" ही सबब चालत नाही. पिकाच्या नुकसानीचा पंचनामा आणि भरपाईचा अर्ज वेगळा, तोही वेळेत करा. एरवी रात्री माळ्यावरून जो बार काढायचा तो आवाजाचा, नुसती दारू आणि बोळा. परवान्यावरची हद्द ओलांडू नका आणि पोत्यावर तपासणी करायची झाली तर आधी पोलीस ठाण्यात विचारा, पोलीस पाटलांना आणि शेजाऱ्यांना सांगा. परवाना ज्याचा, बार त्यानंच काढायचा. मला आबांनी बंदूक हातात दिली नाही आणि मी मागितलीही नाही.

निवडणुका आल्या की बंदूक ठाण्यात जमा करायचा निरोप येतो, आणि तो नेमका उभ्या पिकात येतो ही तक्रार मी दर वेळी ऐकतो. ती रास्त आहे. पण जमा करताना बंदूक भरलेली नाही ना, हे गज टाकून बघूनच द्या. घेणाऱ्या शिपायाला तुमच्या घरचा अंदाज ठाऊक नसतो.

बार उडाला नाही तर? केप फुटली पण दारूनं पेट घेतला नाही, असं पावसाळ्यात होतंच. अशा वेळी तोंड बांधाकडेच धरून मिनिटभर तरी थांबा, जास्तच थांबा. फुसका वाटलेला बार उशिरानं सुटतो. तोंडाशी वाकून बघणारा मनुष्य मूर्खच म्हणायचा, आणि असे मूर्ख आपल्यात कमी नाहीत.

धुण्याचा कंटाळा मात्र सगळ्यांना. काळी दारू पूर्ण जळत नाही. निम्म्याहून जास्त भाग काजळी होऊन मागं राहतो आणि ती काजळी हवेतला ओलावा खेचते. कोकणातल्या हवेत एका रात्रीत नळी आतून तांबूस होते. त्याच संध्याकाळी गरम पाण्यानं धुवायची, चिंधी कोरडी येईपर्यंत पुसायची, मग तेलाचा हात. खोबरेल चालतं, पण थंडीत ते थिजतं आणि निपलाच्या भोकात बसतं, मग पुढच्या वेळी पहिला बार फुसका. म्हणून भरण्याआधी निपलातून तार फिरवा.

आबांनी त्या दिवशी बंदूक धुऊन टांगली, आणि गजावरच्या भरल्या खाचेला तांबडा दोरा गुंडाळून वर लाखेचा थेंब टाकला. म्हणाले, रात्रीचा बॅटरीत दिसूक व्हया. पुढच्या आठवड्यात नाचणीच्या बियाण्यासाठी पुन्हा गेलो तेव्हा शेजारचे दोघं आपापले गज घेऊन अंगणात बसले होते आणि आबा कानस चालवत होते.