लांडगी, नाणी आणि कागद

पाझ्झिओ या नदीकाठच्या शहरात एका सराफाच्या मेजावर चांदीची नाणी मांडलेली आहेत. सगळी त्रेनी नावाची, एकाच राज्यात पण वेगवेगळ्या काळात पाडलेली. रंगात, वजनात डोळ्यांना काही फरक जाणवत नाही. तिथे असलेली मुलगी ती हातात घेऊन खुळखुळवते आणि नंतर आपल्या सोबत्याला सांगते, की अगदी नव्या नाण्याचा आवाज जरासा बद्द येतो. चांदी उतरली आहे आणि बाजाराला अजून त्याचा पत्ता नाही. ही मुलगी म्हणजे होलो. शतकानुशतकं एका गावाचं गव्हाचं पीक राखणारी लांडगी आता माणसाच्या रूपात हिंडते आहे. कान आणि शेपटी तेवढी लांडगीची राहिली आहे. सोबती म्हणजे क्राफ्ट लॉरेन्स, पंचवीस वर्षांचा फिरता व्यापारी.

इसुना हासेकुरा यांच्या ‘ओकामी तो कोशिनर्यो’ या कादंबरीतला हा प्रसंग. इंग्रजी वाचक तिला ‘स्पाइस अँड वुल्फ’ म्हणून ओळखतात. पहिलं पुस्तक 2006 साली ‘देंगेकी बुंको’ मालेत आलं आणि मूळ कथा 2011 पर्यंत 17 खंडांत पुरी झाली. जपानी लाइट नॉव्हेल आणि त्यांवरून निघालेले ॲनिमे मी बरीच वर्षं वाचत-पाहत आलो आहे, आणि एका बाबतीत माझं मत आता पक्कं आहे. या प्रकारातली सर्वांत टिकाऊ पुस्तकं हातकामाची आणि व्यवहाराची आहेत. नाणं पाडताना काय घडतं, कागद कशाचा होतो, विष कसं ओळखावं, हे ज्यांत नीट समजतं तीच मी पुन्हा पुन्हा उघडतो.

ज्यांनी हा प्रकार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. लाइट नॉव्हेल म्हणजे खिशात मावणारं, साधारण साडेदहा बाय पंधरा सेंटिमीटरचं पुस्तक. वाक्यं छोटी, संवाद भरपूर, सुरुवातीला काही रंगीत चित्रं आणि मजकुरात अधूनमधून कृष्णधवल. चित्रकाराचं नाव लेखकाच्या बरोबरीनं छापलेलं असतं. दीनानाथ दलालांचं मुखपृष्ठ पाहून दिवाळी अंक उचलणाऱ्या पिढीला चित्रकाराचा हा मान ओळखीचा वाटेल. ‘फुजिमी फँटासिया बुंको’ ही माला 1988 साली निघाली, ‘देंगेकी बुंको’ 1993 साली. प्रकाशक दर वर्षी नवोदितांच्या स्पर्धा घेतात आणि त्यांतून लेखक हेरतात. हासेकुरा यांना बाराव्या देंगेकी स्पर्धेत रौप्य पारितोषिक मिळालं, तेव्हा ते रिक्क्यो विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकत होते. नागारु तानिगावा यांची ‘सुझुमिया हारुही’ 2003 साली आली. क्योतो ॲनिमेशननं 2006 साली तिच्यावर मालिका केली, तीही भाग मुद्दाम उलटसुलट क्रमानं दाखवून, आणि जगभरच्या पोरांना या छोट्या पुस्तकांचा शोध लागला. माझाही तोच रस्ता. पण हारुही एकदा वाचून माझं भागलं. होलोचं तसं झालं नाही.

त्या नाण्यांचं प्रकरण पुढे कसं जातं, ते सांगितल्याशिवाय मला राहवणार नाही. पावसात एका चर्चमध्ये आसरा घेतलेला असताना झेरेन नावाचा तरुण लॉरेन्सला गुपित विकतो: अमुक नाण्यातली चांदी लवकरच वाढणार आहे. होलोला त्याचं खोटं कळतं, कारण तिच्या कानांना माणसाच्या बोलण्यातली लबाडी ऐकू येते. मग प्रश्न असा उरतो, की चांदी उतरणार असताना ती वाढणार अशी आवई उठवून कुणाचा काय फायदा? लॉरेन्स विचार करत बसतो आणि आपल्यालाही करायला लावतो. राजाला पैसा हवा आहे. समजा, दहा जुनी नाणी वितळवली आणि तेवढ्याच चांदीत हलक्या धातूची भर घालून तेरा नवी पाडली, तर तिजोरीत तीन नाणी वाढली. पण त्यासाठी जुनी नाणी हाती यायला हवीत आणि ती तर गावोगाव पसरलेली. जी पेढी ती गुपचूप गोळा करील तिच्या दारात राजाला यावं लागेल. मग ती पेढी रोख मोबदल्यावर थोडीच थांबेल? ती जकातीत सूट मागेल, एखाद्या मालाचा मक्ता मागेल. खरी कमाई तिथे आहे. हे कोडं उलगडतं ती पानं मी कुठल्याही द्वंद्वयुद्धापेक्षा जास्त अधीरतेनं वाचली.

हासेकुरा यांनी हे हवेतून आणलेलं नाही. फ्रेंच इतिहासकार जाँ फाव्हिए यांचं मध्ययुगीन व्यापारावरचं पुस्तक त्यांच्या कादंबरीमागे आहे. ‘सोनं आणि मसाले’ अशा अर्थाच्या त्या पुस्तकाच्या जपानी नावावरूनच कादंबरीचं नाव घडलं. इंग्लंडच्या आठव्या हेन्रीनं 1544 पासून नाण्यांतली चांदी अशीच उतरवत नेली. जपानमध्येही हे घडलेलं आहे. तोकुगावा शोगुनांचे अर्थाधिकारी ओगिवारा शिगेहिदे यांनी 1695 साली नाणी पुन्हा पाडून घेतली, तेव्हा चांदीच्या नाण्यातली शुद्ध चांदी 80 टक्क्यांवरून 64 टक्क्यांवर आली. पेशवाईतले कागद चाळलेल्या मराठी वाचकाला तर बट्ट्याची भानगड नव्यानं समजावायला नको. सराफानं नाणं वाजवून पाहणं आणि त्यावर कसर कापणं आपल्या बाजारातही शतकभर चाललं.

होलो या सगळ्यात नुसती हुशार मदतनीस म्हणून वावरत नाही. पास्लोए गावानं नवी शेतीपद्धत उचलली, पीक आपल्याच मेहनतीनं येतं हे गावाला उमगलं आणि तिची गरज संपली. ती उत्तरेकडे, योइत्सु या आपल्या मुलखाकडे निघाली आहे. लॉरेन्स मरून गेल्यावरही आपण असणारच आहोत, हे तिला ठाऊक आहे. त्यामुळे दोघांच्या थट्टेत, सफरचंदांच्या हिशेबात, खानावळीतल्या भांडणातही एक कळ आहे. कातडी विकताना ती त्यांना सफरचंदांचा वास लावते आणि भाव चढवून घेते. लॉरेन्सला आधी धक्का बसतो आणि मग तिचं कौतुक वाटतं. या दोघांचं प्रेम असंच सौदा करताना वाढतं.

ॲनिमेबद्दल माझी मतं थोडी तिखट आहेत. ताकेओ ताकाहाशी यांनी दिग्दर्शित केलेली 2008 सालची मालिका मला अतिशय प्रिय आहे आणि त्याचं श्रेय मी आधी आवाजांना देतो. आमी कोशिमिझु यांची होलो जुन्या वळणाची, ठसक्याची भाषा बोलते. जुन फुकुयामा यांचा लॉरेन्स तिच्यापुढे एक पाऊल मागे राहतो. या दोघांना नुसतं गाडीवर बसवून बोलू दिलं तरी भाग पुरा होतो. पण त्या मालिकेनं पुस्तकातल्या यारेई या शेतकरी मित्राच्या जागी क्लोई नावाची तरुणी आणली आणि गावाच्या धान्यव्यवहाराच्या बाजूला मत्सराचा धागा जोडला. तो मला तेव्हाही उपरा वाटला, आजही वाटतो. 2009 सालच्या दुसऱ्या पर्वानं तर चौथा खंड सरळ गाळला.

हा चौथा खंड माझ्या मते पहिल्या पाच खंडांतला सर्वांत पक्क्या बांधणीचा आहे. तेरेओ हे छोटं गाव पिकवलेलं धान्य एन्बर्ख शहराला ठरल्या भावानं विकतं. करार गावाच्या फायद्याचा आहे आणि शहराला तो मोडायचा आहे. मग एक दिवस शहर म्हणतं, तुमच्या धान्यात विष आहे, सगळं परत घ्या आणि पैसे काढा. हे विष म्हणजे धान्याच्या कणसावर येणारी बुरशी, अर्गट. बाजरीवरचा अरगट आणि त्याचे काळे दाणे पाहिलेल्या आपल्याकडच्या शेतकऱ्याला ती भीती लगेच कळेल. एका आरोपानं अख्खं गाव दिवाळखोर कसं होतं, हे इतक्या साधेपणानं सांगणारी गोष्ट तरुणांच्या साहित्यात मी दुसरी वाचलेली नाही. 2024 साली पॅसिओने स्टुडिओनं मालिका नव्यानं केली, मुख्य दिग्दर्शक पुन्हा ताकाहाशीच, आवाज तेच, आणि 25 भागांत तेरेओला जागा मिळाली. चित्रं पहिल्या मालिकेइतकी उबदार नाहीत. तरी या एका निर्णयासाठी मी नवी मालिका वरचढ मानतो.

दुसरं पुस्तक वेगळ्या वाटेनं आलं. ‘शोसेत्सुका नि नारो’ या जपानी संकेतस्थळावर 2004 पासून कुणीही कादंबरी क्रमशः लिहू शकतं. तिथेच ‘इसेकाई’ कथांचा पूर आला: नायक मरतो, बहुधा ट्रकखाली, आणि दुसऱ्या जगात अफाट शक्ती घेऊन जन्मतो. यातल्या बहुतेक कथा मला कंटाळवाण्या वाटतात. ज्याला काहीच शिकावं लागत नाही त्याच्याबद्दल वाचायचं काय? मिया काझुकी यांची ‘होन्झुकी नो गेकोकुजो’ 2013 ते 2017 या काळात त्याच ठिकाणी, त्याच साच्यात लिहिली गेली आणि तिनं तो साचा उलटा केला.

मोतोसु उरानो ही पुस्तकवेडी तरुणी भूकंपात पुस्तकांखाली चिरडून मरते आणि एरेनफेस्ट शहरातल्या एका गरीब शिपायाची पाच वर्षांची मुलगी माइन म्हणून जागी होते. शरीर इतकं नाजूक की घराच्या पायऱ्या उतरतानाच धाप लागते. पुस्तक घरात नाही, शेजाऱ्यांकडेही नाही. पुस्तकं चर्मपत्रावर हातानं लिहिली जातात आणि फक्त सरदार-दरकदारांना परवडतात. मग आपणच पुस्तक करायचं, असं ती ठरवते. गवताच्या काड्या विणून पपायरससारखं काही होतं का पाहते. थकून हात टेकते. मातीच्या पाट्यांवर लिहिते. भट्टीत त्या फुटतात. लाकडाच्या पट्ट्या तासून त्यांवर लिहिते. आई त्या सरपण समजून चुलीत घालते. वाचणाऱ्याच्या पोटात कालवतं, कारण आईनं वाईट काहीच केलेलं नसतं. जिच्या घरात अक्षर नाही तिला ती लाकडंच दिसणार.

शेवटी ती वळते जपानी हातकागदाकडे, वाशीकडे. शेजारचा लुट्स हा मुलगा तिचे हातपाय होतो आणि बेन्नो हा व्यापारी पैसे घालतो. फांद्या वाफवायच्या, साल सोलायची, वरचा काळा पापुद्रा खरवडायचा, राखेच्या पाण्यात शिजवायची, नदीत धुवायची, कुटायची, लगद्यात चिकट रस मिसळून साच्यानं उचलायची आणि फळीवर वाळवायची. जपानमध्ये खऱ्या वाशीसाठी कोझो झाडाची साल आणि तोरोरोआओइ या भेंडीच्या कुळातल्या झाडाच्या मुळांचा बुळबुळीत रस वापरतात. त्या रसामुळे धागे पाण्यात तरंगत राहतात आणि कागद एकसारखा पसरतो. सेकिशु, मिनो आणि होसोकावा या कागदांच्या कलेला 2014 साली युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान मिळालं. माइनला हे सगळं वाचून ठाऊक आहे, हातानं केलेलं नाही. त्या दोहोंतलं अंतर पार करायला तिला जे सोसावं लागतं, त्यात या पुस्तकाचा जीव आहे.

कागद झाला म्हणून प्रश्न सुटत नाही. चर्मपत्र करणाऱ्यांचा संघ उभा ठाकतो. त्यांच्या पोटावर पाय येणार असतो. तडजोड होते: करारपत्रं चर्मपत्रावरच, बाकीचं नव्या कागदावर. पुढे माइनच्या लक्षात येतं, की वाचणारेच नसतील तर छापून उपयोग नाही. म्हणून ती देवळातल्या अनाथ मुलांना अक्षरओळखीचे पत्ते करून देते आणि मुलांसाठी चित्रांचं पहिलं पुस्तक छापते. मुद्रणाचा इतिहास शिकवणाऱ्यानं हे खंड वर्गात वाचून दाखवावेत, असं मला मनापासून वाटतं.

डिसेंबर 2023 मध्ये 33व्या खंडावर ही मालिका संपली. राजविद्यालयातले मधले खंड फुगलेले आहेत. मंत्रशक्ती, विवाहाची राजकारणं आणि दरबारी शिष्टाचार यांत कागदाचा वास हरवतो. अजिया-दो स्टुडिओच्या ॲनिमेनं 2019 ते 2022 या काळात 36 भागांत पहिले सात खंड घेतले. दिग्दर्शक मित्सुरु होंगो. आपल्या घराघरांतली मुलं जो ‘शिन-चान’ पाहत वाढली, त्या मालिकेचे पहिले दिग्दर्शक हेच. चित्रणाला पैसा कमी पडलाय हे दिसतं. पण फुटलेल्या पाट्या आणि जळालेल्या पट्ट्या त्यांनी गाळल्या नाहीत, आणि या कथेत तेच महत्त्वाचं होतं.

याच पंक्तीत मी नात्सु ह्यूगा यांची ‘कुसुरिया नो हितोरिगोतो’ बसवतो. राजवाड्यात दासी म्हणून विकली गेलेली माओमाओ ही औषधं जाणणारी मुलगी. राजाची तान्ही मुलं आजारी पडतात तेव्हा सगळे शापाची चर्चा करतात आणि ती बोट ठेवते चेहऱ्याला लावायच्या पांढऱ्या पावडरीवर. पावडरीत शिसं असतं. जपानमध्ये हे खरोखर घडलेलं आहे: 1887 साली सम्राट मेजी यांच्यासमोर काबुकी करताना चौथे नाकामुरा फुकुसुके यांचे पाय थरथरू लागले, आणि त्या शिसेबाधेवरून देशभर चर्चा झाली. तरी अशा पावडरी पूर्ण बंद व्हायला 1930चं दशक उजाडलं. 2023 साली आलेलं ॲनिमे देखणं आहे आणि आओइ युकी यांनी माओमाओला दिलेला कोरडा, कुतूहलानं अचानक उजळणारा आवाज मला फार आवडतो.

आता विनंती. मराठीत ‘तोत्तोचान’ घरोघर पोचली. पुण्यात जपानी शिकणाऱ्यांची आणि शिकवणाऱ्यांची मोठी परंपरा आहे. त्यांतल्या कुणी मिया काझुकी यांच्या पहिल्या पर्वाचे तीन खंड थेट जपानीतून मराठीत आणावेत आणि एखाद्या प्रकाशकानं ते यू शीना यांच्या चित्रांसह छापावेत. तीनच खंड. गोष्ट तेवढ्यातही पुरी वाटते, आणि बारा-तेरा वर्षांच्या मुलांच्या हाती देण्याजोगं याहून चांगलं पुस्तक या प्रकारात मला माहीत नाही.